तेल वाळतं म्हणजे काय होतं? लाकडी फर्निचरवरचं तेल आणि मेण

आज आपण हाताने केलेल्या लाकडी फर्निचरला तेल आणि मेण कसं लावायचं, याविषयी बोलणार आहोत. नुसती कृती सांगायची तर पाच मिनिटं पुरतील. तेल लावा, पुसा, वाळू द्या, परत लावा, शेवटी मेण घासा. झालं. तरीही आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. महिना झाला, टेबल अजून हाताला चिकटतंय. झोपाळ्यावर बसलं की पांढऱ्या झब्ब्यावर पिवळा डाग पडतो. पावसाळ्यात फळीवर बुरशी धरली. या मंडळींनी कृती बहुधा पाळलेली असते. पण तेल वाळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज आपण तिथून सुरुवात करू. कृती थोडी थांबेल.

स्वयंपाकघरातली तेलाची बरणी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांत एक तांबूस, चिकट थर साचतो. गॅसमागच्या फरशीवर, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवरही तोच थर असतो. साबणाने निघत नाही, सुरीने खरवडावा लागतो. हा थर म्हणजे वाळलेलं तेल. निदान वाळायला निघालेलं आणि अर्ध्या वाटेत अडकलेलं तेल. आणि तेल खवट होतं, असं आपण म्हणतो तेही याच वाटेवरचं पाऊल आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीने जे बिघडणं, तेच सुताराच्या दृष्टीने तेलाचं काम करणं.

पाणी वाळतं तेव्हा ते उडून जातं. तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन आत घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना बांधले जातात, जाळं विणल्यासारखे. हे जाळं घट्ट झालं की आपण म्हणतो तेल वाळलं. वाळताना जवसाच्या तेलाचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं. हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं वजन त्यात मिळालेलं असतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आजच्या व्याख्यानाचं निम्मं काम झालं. कारण मग पुढचं आपोआप कळतं: तेलाला वाळायला हवा लागते, म्हणून थर पातळ हवा. जाड थर दिला तर वरची साय आधी धरते, खालच्या तेलाला हवा मिळत नाही, आणि ते महिनोन्‌महिने ओलं राहतं. चिकट टेबलाचं मूळ इथे आहे.

आता प्रत्येक तेल वाळतं का? नाही. रेणूंना एकमेकांशी बांधायला जागा लागते. तेलाच्या रेणूत जे दुहेरी बंध असतात, त्यांच्या आसपास ही जागा तयार होते. हे बंध किती आहेत ते मोजायचं एक जुनं माप आहे, आयोडीन मूल्य. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेतं, तो आकडा. जवसाच्या तेलाचा आकडा साधारण १७० ते २०० असतो. करडईचा १४०च्या आसपास. शेंगदाण्याचा शंभराच्या आत-बाहेर. आणि खोबरेलाचा? जेमतेम १०. ढोबळमानाने १३०च्या वरची तेलं वाळतात, त्याखालची अर्धवट वाळतात किंवा मुळीच वाळत नाहीत.

म्हणजे पाटाला, देव्हाऱ्याला, झोपाळ्याच्या फळीला दिवाळीआधी खोबरेल चोळायची जी पद्धत अनेक घरांत आहे, तिला फिनिश म्हणता येणार नाही. लाकूड काळोखं, तुकतुकीत दिसतं, छान वाटतं. पण ते तेल लाकडात ओलंच राहतं आणि धूळ धरतं. पोळपाट-लाटण्याला लावलंत तर आमची हरकत नाही. ते रोज वापरलं जातं, धुतलं जातं. पण ज्या फळीवर माणसं बसणार, तिला नको.

करडईबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण हे आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं पीक. करडईचं तेल जवसापेक्षा सावकाश वाळतं, पण पिवळं कमी पडतं. जवसाचं तेल अंधाऱ्या जागी जास्तच पिवळं होत जातं. म्हणून पांढऱ्या रंगात करडईचं तेल वापरलं जाई. फिकट लाकडाला, म्हणजे शिवण किंवा हळदू अशा लाकडाला, हा गुण उपयोगी. मात्र दुकानातली पिशवी आणून लाकडाला लावू नका. खाण्याचं रिफाइंड तेल खवट होऊ नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घातलेलं असू शकतं, आणि आपल्याला तर ते खवटच व्हायला हवं आहे! शिवाय करडईच्या काही नव्या वाणांचं तेल मुद्दाम असं घडवलेलं असतं की ते लवकर खराब होऊ नये. ते वाळणारही नाही. घाण्याचं, जुन्या वाणाचं तेल मिळालं तर काचेच्या तुकड्यावर त्याचं बोट फिरवून आठवडाभर ठेवा. नुसतंच तेलकट राहिलं तर ते फोडणीला वापरा.

तरी पहिली पसंती जवसाचीच. अळशी म्हणा, जवस म्हणा. ज्याची आपण चटणी करतो, तेच बी. रंगाच्या दुकानात त्याचं तेल दोन प्रकारांत मिळतं, कच्चं आणि 'डबल बॉइल्ड'. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही घेतं. बॉइल्ड तेल पातळ थरात एक-दोन दिवसांत हाताला कोरडं लागतं. नाव 'उकळलेलं' असलं तरी आज बाजारात मिळणाऱ्या तेलाचा वेग मुख्यतः उकळण्यातून येत नाही. त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात, ते ऑक्सिजन घेण्याची क्रिया जलद करतात. पूर्वी यासाठी शिशाचं संयुग वापरत, म्हणजे मुरदाडशिंग घालून तेल कढवत. शिसं विषारी आहे, तेव्हा कुणी जुनी कृती सांगितली तर ती कितीही 'पारंपरिक' असली तरी करू नका.

डब्यावरची नावं वाचतानाही सावध राहा. 'टीक ऑइल' सागवानापासून काढलेलं नसतं. सागवानाला लावायचं म्हणून ते नाव. 'डॅनिश ऑइल' म्हणजे तेल, व्हार्निश आणि थिनर यांचं मिश्रण. त्याचं ठरलेलं प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं. तुंगाचं तेल हे चांगलं तेल आहे. मूळ चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं, पाण्याला जवसापेक्षा बरंच जास्त टिकणारं. पण 'तुंग ऑइल फिनिश' असं लिहिलेल्या डब्यात तुंगाचं तेल अगदी थोडं किंवा नसूही शकतं. ही उत्पादनं वाईट असतात असं नाही. आपण काय लावतोय ते माहीत असावं, इतकंच.

आता लाकडाकडे येऊ. महाराष्ट्रात फर्निचर म्हटलं की सागवान, आणि नेमकं सागवान तेलाच्या बाबतीत थोडं हट्टी आहे. त्याच्या अंगचंच एक तेलकट द्रव्य असतं. त्यामुळे ते वाळवीला आणि पाण्याला टिकतं. पण त्यामुळेच वरून लावलेलं तेल वाळायला वेळ घेतं. शिसवी लाकडाचं तर याहून अवघड. त्यातली नैसर्गिक द्रव्यं तेलाचं ऑक्सिजन घेणंच रोखून धरतात, आणि तेल दिवसचे दिवस ओलं राहतं. उपाय असा की तेलाच्या आधी फडक्यावर थिनर घेऊन पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि थिनर उडाला की लगेच, त्याच दिवशी, पहिला हात द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर आतलं द्रव्य परत वर येतं. शिसवीला आम्ही बहुतेक वेळा तेलाच्या फंदात पडत नाही. आधी लाखेचा, म्हणजे चपड्याचा एक पातळ हात देतो आणि त्यावर मेण. रंग मुळातच इतका गहिरा असतो की तेलाने त्यात फारशी भर पडत नाही.

लाकूड घासण्याचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून तिथेच घाई होते. रंध्याच्या खुणा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने. एखादा नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तसेच राहतात, कोऱ्या लाकडावर ते दिसत नाहीत आणि तेलाचा हात पडला की उठून दिसतात. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने सगळा भाग एकदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. लाकडाचे दबलेले तंतू फुगून उभे राहतात, हाताला खरखर लागते. ती जुन्या २२०ने हलकेच उतरवा. आत्ता नाही उतरवली तर पहिल्यांदा टेबलावर पाणी सांडेल तेव्हा ती खरखर परत वर येईल. ३२०च्या पुढे घासण्यात अर्थ नाही; लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं की तेल आत कमी शिरतं. फळीच्या टोकांना मात्र एक नंबर जास्त घासा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या तेल पितात आणि टोकं काळी दिसतात.

एक सूचना इथेच. घासायला लोखंडी लोकर, स्टील वूल म्हणतात ती, आणू नका. तिचे बारीक कण लाकडात अडकतात, आणि बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात ओल लागताच काळे ठिपके उमटतात. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर चालतो.

पहिला हात पातळ: निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. हात म्हणताना ब्रश डोळ्यांसमोर आणू नका. सुती चिंधीने सढळ लावा, लाकूड ओलं दिसू द्या. कुठे शोषलं जाऊन कोरडं पडलं तर तिथे पुन्हा. पंधरा-वीस मिनिटं झाली की कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. पुसल्यावर बोट फिरवलं तर बोटाला तेल लागता कामा नये. पुष्कळांना हे जड जातं, आताच लावलेलं तेल पुसायचं म्हणजे वाया घालवलं असं वाटतं. पण लाकडाच्या आत गेलं तेच तेल आपलं. वर राहिलं ते चिकट होणार. सागवानासारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडात पुढचे काही तास छिद्रांतून तेल परत वर झिरपतं, बारीक थेंब दिसतात. दर अर्ध्या तासाने येऊन ते टिपा, नाहीतर उद्या तिथे घामोळ्यासारखे कडक फोड सापडतील.

नंतरचे हात टर्पेंटाइन न घालता आणि अतिशय पातळ, प्रत्येकाच्या मधे एक-दोन दिवस. वास बराच कमी झाला, तळहात ठेवला तर ओढ लागली नाही, की पुढचा हात. तीन हातांनी लाकडाला रंग येतो, पाचव्या-सहाव्या हातानंतर ती मंद चमक येते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. छिद्रं भरून सपाट पृष्ठभाग हवा असेल तर दुसरा हात ओला असतानाच ४०० नंबरच्या पेपरने घासा. तेल आणि लाकडाचा बारीक चिखल तयार होतो, तो छिद्रांत बसतो. मग रेषांना आडवं पुसा, म्हणजे तो चिखल छिद्रांतून निघून येणार नाही.

हिशेब केला तर सहा हात म्हणजे दोन आठवडे. पावसाळ्यात कोकणात त्याहून जास्त, कारण दमट हवेत आणि ओलसर लाकडावर सगळंच रेंगाळतं आणि न वाळलेल्या तेलावर बुरशी येते. आमचं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर तेलाचं काम हातात घेऊच नये. आणि या दोन आठवड्यांचे पैसे कोण देतं? सुतार रोजावर असतो. प्रत्यक्ष तेल लावायला अर्धा तास लागतो, बाकीचा वेळ वस्तू नुसती त्याची जागा अडवून बसते. गिऱ्हाइकाने घाई केली की तो तीन हातांचं तेल एका हातात देतो आणि टेबल पाठवून देतो. मग चिकट टेबलाचा दोष त्याच्या माथी. यावर सोपा मार्ग आहे. घासणं आणि पहिला हात सुताराकडून करून घ्या, त्याचे नीट पैसे द्या, आणि पुढचे हात घरी आपण द्या. त्याला फार कसब लागत नाही, चिंधी आणि चिकाटी लागते.

त्या चिंध्यांबद्दल मात्र नीट ऐका. आज बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. टेबलावर ती हवेत निघून जाते, कळतही नाही. पण तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर कापडामुळे तेलाला भरपूर हवा मिळते आणि घड्यांमुळे उष्णता बाहेर जात नाही. उष्णता वाढली की क्रिया वाढते, क्रिया वाढली की उष्णता. काही तासांत चिंधी आपोआप पेटू शकते. काडी नको, ठिणगी नको. आपल्याकडे तर चिंधी जाते कुठे? भुशाच्या पोत्यात.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 'वन मेरिडियन प्लाझा' नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१च्या रात्री तिच्या २२व्या मजल्यावर आग लागली. तिथे भिंतींच्या लाकडी तक्त्यांना नव्याने झळाळी देण्याचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या तशाच पडल्या होत्या. आग अठरा तासांहून जास्त जळत राहिली, आठ मजले गेले, अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ३०व्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तिथे आग अडली. सुरुवात चिंध्यांच्या ढिगातून झाली होती.

तेव्हा काम संपलं की प्रत्येक चिंधी सुटी, उलगडून, बाहेर दोरीवर किंवा दगडावर एकेरी पसरा. पूर्ण कडक झाली की मगच कचऱ्यात. ते जमणार नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. जेवून येतो, मग बघतो, असं म्हणू नका. खोबरेलाच्या चिंधीला हा धोका नाही. जे तेल वाळत नाही ते तापतही नाही. जे वाळतं ते तापतं.

आता मेण. मेणाबद्दल गैरसमज असा की ते लाकडाचं रक्षण करतं. थोडं करतं. सांडलेलं पाणी काही मिनिटं थेंब होऊन वर राहतं, ते पुसायला आपल्याला वेळ मिळतो. हवेतली वाफ मेणाने अडत नाही. पावसाळ्यात ड्रॉवर घट्ट व्हायचा तो होणारच. मेणाचं खरं काम स्पर्श आणि झळाळी. ते सगळ्यात शेवटी, तेल पूर्ण वाळल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर किमान आठवडाभराने. आधी मेण लावलं तर पुढे कुठलंच तेल आत जाणार नाही.

मधमाश्यांचं शुद्ध मेण १०० ग्रॅम आणि टर्पेंटाइन ३०० ग्रॅम, एवढ्यात एका घराचं फर्निचर आरामात होतं. मेण डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. ६२ ते ६४ अंशांना ते वितळतं. मग डबा विस्तवापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत नेऊन त्यात टर्पेंटाइन ओता. पेट घेण्याइतकी वाफ टर्पेंटाइनमधून साधारण ३५ अंशांनाच निघायला लागते. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात ते बाटलीतच त्या तापमानाच्या पुढे असतं. थंड झालं की लोण्यासारखं होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात नुसतं मधमाश्यांचं मेण मऊ पडतं, धूळ धरतं, कपड्याला लागतं. तिथे त्यातलं १५-२० ग्रॅम मेण कमी करून कार्नोबा मेण घाला. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८० अंशांच्या वर वितळणारं आणि कडक. लावताना कणभर घ्या, चोळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि स्वच्छ सुती फडक्याने जोर लावून घासा. चमक मेणाच्या जाडीतून येत नाही, घासण्यातून येते.

हे फिनिश कुठे नको, तेही सांगतो. हॉटेलचं टेबल, सिंकजवळची फळी, पावसात भिजणारा बाक. जिथे गरम, ओलं, आंबट रोज सांडणार तिथे पॉलियुरेथेन लावा, आमची काही तक्रार नाही. फरक दुरुस्तीचा आहे. पीयू खराब झालं की बहुधा सगळं खरवडावं लागतं. तेलाच्या टेबलावर पेल्याचं वर्तुळ उमटलं, तर तेवढाच भाग घासून तेवढ्यालाच तेल लावता येतं.

श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

बाळाचा पाळणा आणि खेळण्यांना काय लावावं? धातूचे क्षार नसलेलं, खाण्याच्या दर्जाचं घाण्यावरचं जवसाचं तेल. ते सावकाश वाळेल, म्हणून बाळाच्या हाती देण्याआधी वास पूर्ण जाईपर्यंत, महिना-दीड महिना धरून चाला. तेवढा वेळ नसेल तर नुसतं मधमाश्यांचं मेण चोळा आणि अधूनमधून परत चोळत राहा.

जुनी पॉलिशची खुर्ची आहे, तिच्यावर तेल चालेल का? पॉलिश असेतो तेल आत शिरणार नाही. खुर्चीच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकून बघा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने उतरवता येईल. किंवा तसंच ठेवून वरून मेण लावा. चांगलं लाख पॉलिश शाबूत असेल तर आम्ही तरी ते काढणार नाही.

आणि टेबल आधीच चिकट झालं असेल तर? दोन-चार दिवसांतलं असेल तर वर थोडं ताजं तेल ओता, स्क्रबरने रेषांच्या दिशेने घासा. ताज्या तेलात जुनं सैल होतं, मग सगळं कोरडं पुसून घ्या. जुनं असेल तर तेलाऐवजी टर्पेंटाइन, खिडक्या उघड्या ठेवून. तरीही निघालं नाही तर पातळ पत्तीने खरवडावं लागेल. त्यानंतर आठवडाभर हवेशीर सावलीत ठेवा आणि मग पातळ हाताने पुन्हा सुरुवात करा. लवकर वाळावं म्हणून दुपारच्या उन्हात नेऊ नका, फळी वाकेल.